आडवे हात

"आज खडकावर तू उभी राहा," बाबा म्हणाले, आणि माझ्या हातातला कॉफीचा पेला बशीत वाजला.

बाबांनी ते ऐकलं. असलं सगळं त्यांना बरोबर ऐकू यायचं.

"हाइनी छातीच्या दुखण्यानं पडलाय. सोरेनला समोरचा माणूस ओळखू येत नाही. बाकी धडधाकट आहेत ते होडीत. मग राहिलं कोण?" ते बूट चढवत बोलत होते. "लहानपणापासून त्या हाइनीच्या मागे मागे फिरलीस, तर काहीतरी शिकलीच असशील. पण एक सांगतो. त्याच्यासारखी उभी राहू नकोस. आपल्या घरातल्यासारखी राहा."

माझा भाऊ दान्याल दारात उभा राहून वाळल्या मटणाचा तुकडा चघळत होता. "ताई, आम्हाला बाहेर ताटकळत ठेवू नकोस हां. मला बटाटे गरम लागतात."

दोघं हसत उताराला लागले. मी पेला खाली ठेवला आणि हात एप्रनखाली घेतले, कारण ते थांबेनात.

आमच्या बेटावरच्या या गावाला बंदर नाही. कड्याला एक फट आहे, तेवढीच. होडी तिथूनच पाण्यात जाते आणि तिथूनच वर येते. समुद्र शांत असला तरी फटीच्या तोंडाशी लाटा उसळत असतात. त्या एकसारख्या येत नाहीत. मोठ्या लाटांचा एक जथा येऊन गेला की मध्येच पाणी क्षणभर गप्प होतं. त्याला आम्ही मेलं पाणी म्हणतो. होडीनं आत शिरायचं ते त्या मेल्या पाण्यात, आणि तेही एका दमात. होडीतल्यांना पाठीमागची एकच लाट दिसते, तिच्या मागून काय चाललं आहे ते दिसत नाही. ते वरून दिसतं. म्हणून फटीच्या डोक्यावरच्या खडकावर एक माणूस उभा राहतो. त्यानं हात वर धरले की थांबायचं. हात खाली टाकून हाक मारली की वल्हवायचं. आणि हात आडवे पसरले तर, इथे येऊ नका, फिरा, पलीकडच्या गावाला जा.

आडवे हात आमच्या घराण्यानं कधी पाहिले नव्हते, असं बाबा सांगायचे.

आमच्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या भिंतीला एक मोडकं वल्हं टांगलेलं होतं, आजोबांचं. दर नाताळला जेवणं झाली की बाबा ते खाली काढायचे आणि गोष्ट सांगायचे. आजोबा वादळात सापडले, वल्हं मोडलं, खडकावरचा माणूस थांबा थांबा म्हणून हात वर धरून उभा, आणि आजोबांनी त्याच्याकडे न बघता होडी सरळ आत घातली. "सगळे काठावर आले. निक्लास तेवढा गेला. पण होडी लागली ती घरच्याच फटीत!" शेवटच्या वाक्याला बाबा टेबलावर मूठ आपटायचे आणि आम्ही पोरं आनंदानं ओरडायचो.

निक्लास तेवढा गेला. ते वाक्य फार पटकन सरायचं. निक्लास म्हणजे हाइनीकाकांचा थोरला भाऊ, हे मला कळलं तेव्हा मी चांगली मोठी होते. त्यानंतर नाताळला माझ्या तोंडून आवाज फुटेना.

हाइनीकाका गावचे वाचक, आणि खडकावर नेहमी उभे राहायचे तेही तेच. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, दुसऱ्या बेटावर राहायचे, समुद्र येऊ देईल तेव्हा यायचे. एरवी रविवारी देवळात प्रवचन वाचायचं आणि स्तोत्रं उचलायची ती हाइनीकाकांनी. लोक म्हणत, हाइनी भित्रा. ते खरंच होतं. पुस्तक धरलेले त्यांचे हात लटलट कापायचे. बाबा म्हणायचे, "हाइनीच्या कॉफीत साखर ढवळायला चमचा लागत नाही." सगळं गाव त्यावर हसायचं, हाइनीकाकासुद्धा हसायचे.

पण तो माणूस सुरुवात करायचा. कपाळावर घाम, डोळे मिटलेले, आणि पहिला सूर लागायचा. वाचता वाचता प्रवचनच गाण्यात शिरायचं, कुठे वाचन संपलं आणि कुठे गाणं लागलं ते कळायचं नाही, आणि अंगावर काटा यायचा. देव अगदी बाकाच्या टोकाला येऊन बसला आहे असं वाटायचं. आणखी एक म्हणजे प्रत्येक ओळीनंतर ते थांबत. शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांचा श्वास पुरा होईपर्यंत पुढची ओळ उचलत नसत. पाळक वैतागायचे, पोरं चुळबुळायची. हाइनीकाका थांबायचे. भीती देवाच्या पायाशी ठेवून यावी असं प्रवचनात असायचं. त्यांना ते जमत नव्हतं. ते ती परत उचलून घ्यायचे आणि तिच्यासकट गायचे.

मी जन्माची भित्री. अंधार, कुत्री, कड्याची कड, बाबांचा आवाज, सगळ्याला भ्यायची. आमच्या घरात त्याला जागा नव्हती. मग एका रविवारी, ते कापणारे हात बघताना, मी मनाशी ठरवून टाकलं की मी या माणसासारखी होणार. घरी कोणाला बोलले नाही. आजोबांच्या वल्ह्याखाली बसून जेवत राहिले.

होडी सकाळी छान गेली. दुपारनंतर वारा वायव्येकडे फिरला आणि समुद्राचा रंग पत्र्यासारखा झाला. मी धावतच खडकावर गेले. खाली फटीत पाणी चढत होतं आणि घशात अडकल्यासारखा आवाज करत परत जात होतं. थोड्या वेळानं होडी दिसली. सुकाणूवर बाबा. पुढच्या वल्ह्यावर दान्याल, त्याच्या लाल टोपीवरून ओळखू आला. मागे आणखी चौघं, सगळी गावातली, सगळ्यांच्या बायका आता माझ्यामागच्या उतारावर येऊन उभ्या राहत होत्या.

मी हात वर धरले.

होडी फटीबाहेर थांबली, वर गेली, दिसेनाशी झाली, परत वर आली. मी लाटा बघत होते. मोठी, मोठी, त्याहून मोठी. आता गप्प होईल असं वाटलं, आणि मागून आणखी एक आली. पाणी मरतच नव्हतं. जरा मेल्यासारखं करायचं, आणि मी हात खाली टाकणार इतक्यात लांबवर एक काळी रेघ उठलेली दिसायची.

"काय झालं? बोलाव ना!" सोरेनकाका काठी टेकत वर आले होते. बाबांचे थोरले भाऊ. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण जोर तोच. "गप्प झालंय पाणी. मला ऐकू येतंय."

"नाही झालं, काका. मागून येतंय."

"मागून तर येतच राहणार. तो समुद्र आहे, पोरी, डबकं नव्हे. तुझा आजा असता तर एव्हाना जेवायला बसला असता!"

"थांबा हो जरा."

"ही बघा, हाइनीची भाषा! हातबीत कापतायत का तिचे? सांगा रे कोणीतरी, मला दिसत नाही."

कापत होते. खांद्यापासून कापत होते. वर धरून धरून जड झाले होते आणि मला वाटत होतं, आता आपोआप खाली पडतील, आणि खाली पडले तर होडी आत येईल. माझे दमलेले हात बघून ती माणसं वल्हं मारतील. मी बोटांत बोटं अडकवून हात डोक्यावर घट्ट धरले आणि तोंडातल्या तोंडात गाऊ लागले. हाइनीकाका खडकावर गायचे, होडीतल्यांना धीर यावा म्हणून. माझा आवाज होडीपर्यंत काय, सोरेनकाकांपर्यंतही गेला नसेल. एक ओळ, मग थांबायचं. मग पुढची ओळ.

खाली बाबा उभे राहिले. टोपी काढून त्यांनी माझ्या दिशेनं हवेत हाणली. मला त्यांचे शब्द ऐकू आले नाहीत, पण ते कळायला शब्द लागत नव्हते. मग ते खाली बसले, आणि वल्ही एकदम पाण्यात गेली.

ते येत होते. मी हात वर धरलेले असताना ते येत होते.

"नको!" मी किंचाळले. "बाबा, नको!"

लांबची काळी रेघ उठली, मोठी झाली. दान्यालचं तोंड समुद्राकडे होतं, त्यानं ती पाहिली. त्यानं वल्हं उलटं मारलं, दुसऱ्यांनीही मारलं. होडी जागच्या जागी थरथरली आणि मागे सरली. लाट त्यांच्याखालून गेली, फटीच्या तोंडाशी उभी राहिली आणि कोसळली. फेस माझ्या बुटांपर्यंत आला. मागे कोणीतरी प्रभूचं नाव घेतलं.

मी होडी शोधत होते. पांढऱ्या फेसात लाल टोपी दिसली. पण खाली वल्ही आता वेडीवाकडी पडत होती. माणसं दमली होती. आणि समुद्राच्या बाजूनं धुकं सरकत येत होतं.

आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. आई कधी खडकावर चढत नसे. "सुन्नेवा," ती हळूच म्हणाली, "बाई गं, आण त्यांना घरी."

सोरेनकाका ओरडले असते तर मी उभी राहिले असते. आईच्या त्या आवाजापुढे मला तसं उभं राहता येईना. आत आणलं तर ती फट. बाहेर पाठवलं तर दमलेली माणसं, धुकं, आणि वाटेत समुद्रातल्या सुळक्याजवळचा ओढ घेणारा प्रवाह. थांबवून ठेवलं तर अंधार. तिन्हीकडे मरण दिसत होतं आणि निवड माझ्या हातांत होती, त्या कापणाऱ्या हातांत. देवा, मी म्हटलं, दुसऱ्या कोणालातरी उभं कर. देवानं कोणालाही उभं केलं नाही.

मी हात आडवे पसरले.

मागे उतारावर एक बाई रडू लागली.

बाबा हलले नाहीत. होडी वर गेली, खाली गेली, आणि ते सुकाणू धरून माझ्याकडे बघत राहिले. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता. नुसता काळा आकार. आज्ञा खडकावरच्या माणसाची, हा नियम सगळं गाव तोंडानं मानायचं. मी हात तसेच ताणून उभी राहिले, आणि मला कळेना की मला कशाची जास्त भीती वाटते आहे, ते ऐकणार नाहीत याची की ऐकतील याची.

होडी फिरली. हळूहळू, नाखुशीनं, तिनं आम्हाला पाठ दाखवली. धुक्यात आधी ती लाल टोपी गेली, मग वल्ही, मग बाबा.

आणि मग समुद्र गप्प झाला.

खोटं सांगत नाही. धुकं फटीपर्यंत पोहोचलं तसा वारा पडला, आणि फटीतलं पाणी मेलं. मेलं ते मेलंच. मी बघत राहिले. लाट येईना. बदकाचं पिल्लू पोहत आत आलं असतं.

"ऐका," सोरेनकाका म्हणाले. आता ते ओरडत नव्हते, ते जास्त वाईट होतं. "ऐका पाणी. आता तर पोरंसुद्धा होडी आत घालतील. आणि हिनं सहा जणांना धुक्यात हाकललं."

कोणी त्यांना गप्प बसा म्हणालं नाही. बायका माझ्याकडे न बघता खाली उतरल्या. आमच्या गावात तेव्हा टेलिफोन नव्हता. होडीतले पलीकडे पोहोचले की नाही, हे ते डोंगर ओलांडून परत येतील तेव्हाच कळणार होतं. किंवा येणार नाहीत तेव्हा.

मला घरी जाववेना. मी हाइनीकाकांकडे गेले. ते उशांना टेकून बसले होते, प्रत्येक श्वासाला छातीतून शिट्टी वाजत होती. मी पलंगाशी जमिनीवरच बसले आणि सगळं सांगितलं. आडवे हातही सांगितले. नंतर पाणी मेलं तेही सांगितलं.

"मेलं? अगदी?"

"अगदी."

"अरे देवा," ते म्हणाले. मला वाटलं होतं, ते मला समजावतील. त्यांचा चेहरा माझ्याइतकाच पांढरा झाला.

"काका, मी चुकले का?"

"मला काय ठाऊक!" त्यांना खोकला आला. मी पाणी दिलं, ते दोघांच्या हातांनी मिळून सांडलं. "मीही आडवे हात धरलेत पुष्कळदा, दुसऱ्यांच्या होड्यांना. दर वेळी घरी येऊन याच खोलीत येरझाऱ्या घातल्यात. ते आत आले असते का? बुडाले असते का? कोण सांगणार? जे झालंच नाही ते देवाशिवाय कोणाला दिसत नाही, आणि तो सांगत नाही."

"मग तुम्ही परत कसे उभे राहायचात?"

"निक्लास गेला तेव्हा खडकावर माझे वडील होते," ते म्हणाले. "हात वर धरलेले. तुझ्या आजोबांनी बघितलं नाही, हे खरं. पण मी बघत होतो. वडिलांना त्याआधीच आडवे हात करता आले असते. त्यांना लाज वाटली, लोक काय म्हणतील म्हणून. नंतर त्यांनी कधी देवळात आवाज काढला नाही. मी तेव्हा ठरवलं, मी त्यांच्यासारखा होणार नाही. मला लाज परवडेल." त्यांनी उशीवर डोकं टेकलं. "घाबरत घाबरत का होईना, परवडेल."

"तुम्हाला थांबायला कोणी शिकवलं मग?"

"कोणी नाही. शोधावं लागलं. शेवटच्या बाकावर एक आजी बसायची, फार सावकाश गायची. सगळे संपवून बसायचे, ती आपली गातच. तिला घाई कशी ती नव्हतीच. मी तिच्याकडून घेतलं." ते किंचित हसले. "तिला कळलंही नाही."

मी विचारलं, "काका, एक ओळ म्हणायची का?" त्यांनी मान डोलावली. दोघांनी मिळून म्हटली. त्यांना श्वास पुरेना, मला रडू आवरेना, आणि एकमेकांसाठी थांबत थांबत ती संपायला फार वेळ लागला.

घरी आले तर आईनं सगळ्यांचे बटाटे उकडून ठेवले होते आणि भांडं आपल्या लोकरी शालीत गुंडाळलं होतं. ती शालीवर हात ठेवून बसली होती. मी समोर बसले. वर भिंतीवर ते वल्हं. शाल थंड झाल्यावरही तिनं हात काढला नाही.

सकाळी डोंगरावरच्या पायवाटेला माणसं दिसली. एकामागे एक. मी मोजायचं धाडस केलं नाही, आई मोजत होती, मी तिचे ओठ बघत होते. ओठ थांबले, आणि ती मटकन उंबऱ्यावर बसली. सगळे होते.

दान्याल पुढे आला. ओठ फुटलेले, तळहात सोललेले. "ताई," तो म्हणाला, "बटाटे गार झाले असतील ना?" आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. सुळक्याजवळ प्रवाहानं त्यांना ओढलं होतं. थोडक्यात वाचले. पलीकडच्या गावकऱ्यांनी त्यांना गरम सूप दिलं आणि विचारलं, "काय हो, तुमची फट बुजली की काय?"

बाबा सगळ्यांत मागे होते. माझ्याजवळून गेले, बोलले नाहीत. कितीतरी दिवस बोलले नाहीत. गावात दोन तट पडले. कोणी म्हणे, पोरीनं मारलंच होतं. कोणी म्हणे, ती लाट पाहिलीत ना, आत आला असतात तर आज शवपेट्या करत बसलो असतो. दोन्ही खरं असेल. मला आजही माहीत नाही. समुद्र गप्प झालेला ऐकला की अजून माझ्या अंगाला घाम फुटतो.

मग शांत समुद्र बघून पलीकडून होडी परत आणली, आणि एका सकाळी ती पुन्हा निघायची होती. हाइनीकाका अंथरुणातच होते. मला कोणी विचारलं नाही, मी पीठ मळत होते. तेवढ्यात दान्याल धापा टाकत आला. "ताई, चल. बाबा होडी ढकलू देत नाहीत."

मी पिठाच्या हातांनीच धावले. सोरेनकाका काठी घेऊन खडकावर उभे होते आणि खालून बाबा ओरडत होते, "खाली उतर म्हटलं ना, दादा!"

"का? मला ऐकू येतं की!"

"मला बघणारं माणूस पाहिजे."

मी आले ते बाबांनी पाहिलं. माझ्या तोंडाकडे न बघता, दोर गुंडाळत, ते म्हणाले, "वर वारा आहे. शाल घे." मग थोडं थांबून, दोराशीच बोलल्यासारखे, "वेळ लागेल. लागू दे."

मागोमाग आलेल्या आईनं आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली. माझे पाय लटपटत होते. मी तशीच वर चढले.